खुनाच्या खटल्याची फाइल हातात आल्यावर: प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणि ॲलिबी कशी तपासायची

सत्र न्यायालयात नव्यानं आलेला वकील खुनाच्या खटल्याची फाइल बहुधा उलट्या टोकाकडून उघडतो. अशील सांगतो, "साहेब, त्या रात्री मी गावातच नव्हतो," आणि ज्युनिअर लगेच तिकिटं, फोटो, फोनचे तपशील गोळा करायला धावतो. सरकारी वकिलाच्या हाताखाली असेल, तर तीच तिकिटं खोटी कशी पाडायची याच्या मागं लागतो. दोघांचाही क्रम चुकतो. आरोपी घटनास्थळी होता, हे सिद्ध करण्याचं ओझं सरकार पक्षावर असतं. ते आधी तपासायचं आणि मग आरोपी दुसरीकडं होता का, म्हणजे त्याची ॲलिबी, हे बघायचं. हा लेख त्याच क्रमानं जातो. ज्युनिअर वकील, कायद्याचे विद्यार्थी आणि कोर्टाच्या बातम्या करू लागलेले पत्रकार डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी कलमांचा घोळ मिटवू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. भारतीय दंड संहितेतलं खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ आता न्याय संहितेचं १०३ झालं. त्या तारखेला सुरू असलेले खटले मात्र जुन्या साक्षीपुरावा कायद्यानंच चालतात, आणि तुम्ही वाचाल ते जवळजवळ सगळे निवाडे जुन्या कलमांनी बोलतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवा. या लेखात नवे आकडे आहेत. जुना आकडा लागेल तिथं सोबत दिला आहे.

कागद तारखेनं आणि वेळेनं लावा

दोषारोपपत्रातले कागद पोलिसांच्या सोयीनं लावलेले असतात. ते सुटे करा आणि घड्याळाच्या क्रमानं लावा: पोलीस ठाण्याच्या डायरीतली पहिली नोंद, फिर्याद, मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खालचे पोलीस जबाब, दंडाधिकाऱ्यापुढचे कलम १८३ चे जबाब, अटक, जप्ती, ओळख परेड (अनेक माणसांतून साक्षीदारानं आरोपी ओळखण्याची), सीए म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा रिपोर्ट. प्रत्येकावर तारीख, सुरू झाल्याची वेळ आणि संपल्याची वेळ टाका. फिर्यादीची प्रत दंडाधिकाऱ्याकडं कधी पोचली, तो शेराही बघा. फिर्याद रात्री अकराची दाखवलेली असेल आणि प्रत तिसऱ्या दिवशी पोचली असेल, तर मधल्या वेळात काय चाललं होतं हा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

मग एकच गोष्ट शोधा: आरोपीचं नाव कागदावर पहिल्यांदा कधी आणि कुणाच्या तोंडून आलं? पुढचं अर्धं काम या एका प्रश्नानं होतं. फिर्यादीत 'अनोळखी इसम' असेल आणि चौथ्या दिवशीच्या जबाबात साक्षीदार 'मी त्याला लहानपणापासून ओळखतो' म्हणत असेल, तर त्या चार दिवसांचा खुलासा कुणीतरी द्यायला हवा. खुलासा असूही शकतो. साक्षीदार स्वतः दवाखान्यात बेशुद्ध असेल, भीतीनं गाव सोडून गेला असेल. पण तो खुलासा पुराव्यात यावा लागतो. सरकारी वकिलानं तो युक्तिवादात स्वतःच्या मनानं देऊन चालत नाही.

इन्क्वेस्ट पंचनाम्यात आरोपीचं नाव नाही म्हणून मात्र उड्या मारू नका. तो पंचनामा मृत्यू कशानं झाला असावा एवढं नोंदवण्यासाठी असतो. हल्ला कुणी केला हे त्यात नसणं स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षदर्शी तिथं होता का, आणि त्याला दिसत होतं का

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. माणूस प्रामाणिकपणे तिथं असतो आणि तरीही त्याला चेहरा दिसलेला नसतो.

हजेरीचा प्रश्न आधी. साक्षीदाराचं घर, दुकान, शेत तिथं असेल तर त्याची हजेरी नैसर्गिक. तो वाटेनं जाणारा असेल, तर तिथं का आला होता याचं कारण त्यानं द्यावं लागतं आणि त्या कारणाला कुठंतरी टेकू असावा लागतो. औषध आणायला निघालो होतो म्हणणाऱ्याकडं औषधाची चिठ्ठी असायलाच हवी असं नाही, पण घरात कोण आजारी होतं एवढं तरी त्याला सांगता आलं पाहिजे.

नंतर दृष्टीचा प्रश्न. इथं घटनास्थळ पंचनामा आणि कच्चा नकाशा समोर ठेवून अंतरं मोजा. शक्य असेल तर त्या जागी जा, आणि घटना ज्या वेळची असेल त्याच वेळी जा. मी हे प्रत्येक ज्युनिअरला सांगतो, कारण दुपारी बघितलेली गल्ली आणि रात्री साडेनवाची गल्ली या दोन वेगळ्या जागा असतात. विजेचा खांब पंचनाम्यात दाखवला आहे का? दाखवला असेल, तर दिवा चालू असल्याचं कुणी म्हटलं आहे का? त्या रात्री वीज होती का, हे वीज कंपनीच्या उपकेंद्रातल्या नोंदीवरून कळू शकतं. 'चांदण्यात दिसलं' असं साक्षीदार म्हणत असेल तर पंचांग उघडा. तिथी कोणती होती, चंद्र कधी उगवला, कधी मावळला. अब्राहम लिंकन यांनी १८५८ साली इलिनॉयमध्ये एका खुनाच्या खटल्यात हेच केलं होतं. साक्षीदार चंद्रप्रकाशाच्या भरवशावर बोलत होता. लिंकन यांनी पंचांगासारखं वार्षिक पुस्तक पुढं करून त्या वेळी चंद्र क्षितिजाकडं उतरलेला होता हे दाखवलं, आणि आरोपी सुटला.

नकाशावर एक रेघ साक्षीदाराच्या जागेपासून हल्ल्याच्या जागेपर्यंत ओढा. मध्ये भिंत, उभा ट्रक, झाड, माणसांची गर्दी काय येतं ते बघा. हल्ला किती सेकंद चालला? साक्षीदारानं आरोपीला समोरून पाहिलं की पाठमोरा? आरोपी त्याच्या रोजच्या ओळखीचा असेल, तर चालण्यावरून, आवाजावरूनही ओळखता येतं. ओळखीच्या माणसाला ओळखायला कमी उजेड पुरतो, हे मान्य करायला हवं. अनोळखी माणसाच्या बाबतीत ते चालत नाही.

अनोळखी आरोपी असेल तर ओळख परेडची कागदपत्रं काढा

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ खाली परेड घेता येते. महाराष्ट्रात ती कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुतेक वेळा नायब तहसीलदार, कारागृहात घेतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी मार्गदर्शिकेतले नियम पाठ करण्यासारखे आहेत. एका आरोपीसाठी किमान सहा इतर माणसं, दोघांसाठी दहा ते बारा, आणि एका परेडमध्ये साधारणपणे दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. बरोबर उभी केलेली माणसं वयानं, बांध्यानं, दिसण्यानं मिळतीजुळती हवीत. परेडच्या वेळी तपासी अंमलदार तिथं असू नये.

परेडच्या टिपणात हे शोधा: अटक आणि परेड यांत किती दिवस गेले, मधल्या काळात आरोपीचा चेहरा झाकून नेत-आणत होते का, वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर त्याचा फोटो फिरला होता का, दोन साक्षीदारांना परेडआधी एकाच खोलीत बसवलं होतं का. आरोपीच्या गालावर व्रण असेल आणि बाकीच्यांच्या नसेल, तर ती परेड सुरू होण्याआधीच बिघडली.

परेडमधली ओळख हा मूळ पुरावा नव्हे, हेही लक्षात ठेवा. मूळ पुरावा म्हणजे साक्षीदारानं कोर्टात पिंजऱ्याकडं बोट दाखवून पटवलेली ओळख. परेड तिला बळकटी देते. मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २००३ च्या निवाड्यात हे नीट मांडलं आहे. पण घटनेनंतर तीन-चार वर्षांनी कोर्टात पहिल्यांदाच पटवलेल्या अनोळखी चेहऱ्याला कितपत वजन द्यायचं, हे सांगायला फारशी विद्वत्ता लागत नाही.

खरं बोलणारा साक्षीदारही चुकतो

हा भाग नव्या वकिलाला मनापासून पटायला वेळ लागतो. प्रत्यक्षदर्शी एक तर खरा असतो किंवा खोटा, अशी आपली समजूत असते. तिसरा प्रकार सर्वांत घातक असतो: ठाम, प्रामाणिक आणि चुकलेला.

आठवण ही साठवून ठेवलेली चित्रफीत नसते. ती दर वेळी नव्यानं जुळवली जाते, आणि जुळवताना नंतर ऐकलेलं, वाचलेलं, पाहिलेलं तिच्यात मिसळतं. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ साली दाखवून दिलं की एकाच अपघाताची फिल्म पाहिलेल्या लोकांना प्रश्नातलं नुसतं क्रियापद बदलून विचारलं, तरी ते गाडीचा वेग वेगवेगळा सांगतात. 'आदळल्या' म्हटलं की वेग वाढतो, 'लागल्या' म्हटलं की उतरतो. पोलीस ठाण्यातही माणसं प्रश्नांनाच उत्तरं देत असतात. हत्यार समोर असलं की नजर हत्याराला चिकटते आणि चेहरा कमी टिपला जातो. साक्षीदाराचा आत्मविश्वास तर काळाबरोबर वाढत जातो. पहिल्या दिवशी 'तसाच वाटतो' म्हणणारा कोर्टात 'शंभर टक्के हाच' म्हणतो. म्हणून पहिल्या ओळखीच्या वेळचे नेमके शब्द कोणते होते, ते खणून काढा.

किर्क ब्लड्सवर्थ यांचं नाव या संदर्भात माहीत असावं. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १९८४ साली एका नऊ वर्षांच्या मुलीचा खून झाला. पाच साक्षीदारांनी ब्लड्सवर्थ यांना पटवलं आणि १९८५ मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. १९९३ मध्ये डीएनए चाचणीनं ते निर्दोष ठरले आणि सुटले. खरा गुन्हेगार २००३ मध्ये सापडला. पाच जणांची साक्ष एकमेकांशी जुळत होती, तरी ती चुकीची होती.

आपल्याकडं साक्षीदारांच्या संख्येला महत्त्व नाही, असं साक्ष्य अधिनियमाचं कलम १३९ (जुनं १३४) सांगतं. वाडिवेलू थेवर विरुद्ध मद्रास राज्य या १९५७ च्या निवाड्यात साक्षीदारांच्या तीन प्रती सांगितल्या आहेत: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह, आणि दोन्हींच्या मधला. पहिल्या प्रतीच्या एकट्या साक्षीवर खुनाची शिक्षा टिकते. दुसऱ्या प्रतीचे दहा आणले तरी उपयोग नाही. खरी कसोटी तिसऱ्या प्रतीची. तिथं दुसरीकडून दुजोरा शोधावा लागतो, आणि बहुतेक साक्षीदार याच प्रतीत बसतात.

उलटतपास: ओमिशन आणि विसंगती सिद्ध कशी करायची

इथं थोडं थांबू, कारण हे काम वर्गात कुणी शिकवत नाही आणि कोर्टात चुकलं की दुरुस्त होत नाही.

साक्षीदार सरतपासात, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या पक्षाच्या वकिलाला उत्तर देताना, म्हणाला, "आरोपीच्या हातात कोयता होता." पोलीस जबाबात कोयत्याचा उल्लेखच नाही. हे ओमिशन, म्हणजे जबाबातून राहून गेलेली बाब. उलटतपासात आधी त्याला विचारायचं, 'कोयत्याबद्दल तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?' उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: 'सांगितले होते. तसे माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.' मराठी साक्षींमध्ये हे वाक्य तुम्हाला शेकडो वेळा दिसेल. नवा वकील इथं खूश होऊन खाली बसतो. पण काम अर्धंच झालेलं असतं. तपासी अंमलदार साक्षीला येईल तेव्हा त्याला विचारायचं की या साक्षीदारानं जबाबात कोयत्याबद्दल सांगितलं होतं का. तो 'नाही' म्हणाला की ओमिशन सिद्ध झालं. हा प्रश्न राहून गेला, तर ओमिशन सिद्धच होत नाही. म्हणून प्रत्येक साक्षीदाराच्या उलटतपासानंतर तपासी अंमलदाराला विचारायच्या प्रश्नांची यादी त्याच संध्याकाळी लिहून काढा.

विसंगतीचा मार्ग थोडा वेगळा आहे. जबाबात 'डोक्यात मारलं' आणि कोर्टात 'पोटात मारलं', असं असेल तर जबाबातला तेवढाच भाग साक्षीदाराला वाचून दाखवायचा. त्यानं नाकारला की तो भाग 'ए' असा खुणावला जातो. पुढं तपासी अंमलदारानं 'हा भाग साक्षीदाराच्या सांगण्यावरूनच लिहिला' असं म्हटलं की त्याला निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्यात दाखल झाल्याचा क्रमांक, पडतो. पोलीस जबाब साक्षीदाराला खोडून काढायलाच वापरता येतो, त्याच्या साक्षीला बळकटी द्यायला नाही. हे बंधन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये (जुनं १६२) आहे, आणि १९५९ चा तहसीलदार सिंग निवाडा त्याचा पाया आहे.

सगळी ओमिशन सारखी नसतात. शर्टाचा रंग, घटनेनंतर कोण आधी आलं, किती वार झाले याचा नेमका आकडा, असल्या गोष्टींत फरक पडणारच. भीतीनं थिजलेल्या माणसाकडून छायाचित्रासारख्या आठवणीची अपेक्षा करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८३ च्या भरवाडा भोगिनभाई निवाड्यात म्हटलं आहे. उलट चार साक्षीदार पाच वर्षांनी शब्दशः एकच बोलत असतील, तर मला जास्त काळजी वाटते. मुळावर घाव घालणारी ओमिशन कोणती? कुणी मारलं, कशानं मारलं, साक्षीदार स्वतः कुठं उभा होता. या तिन्हींवर बोट ठेवा आणि बाकीचं सोडून द्या. पन्नास फुटकळ ओमिशन सिद्ध केली, तर त्यांच्या ढिगात तुमची दोन महत्त्वाची बुडतात.

नातेवाईक साक्षीदार आहे म्हणून तो खोटा, हा युक्तिवाद सोडून द्या. १९५३ च्या दलीप सिंग निवाड्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी म्हटलं की जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला सोडून निरपराध माणसाला सहसा गुंतवणार नाही. मात्र वैर असेल, तर खऱ्याबरोबर आणखी चार नावं घुसडली जातात, हेही त्याच निवाड्यात आहे. जखमी साक्षीदाराच्या साक्षीला विशेष वजन मिळतं, कारण त्याची जखमच त्याची हजेरी सांगते. फितूर साक्षीदाराची साक्ष पूर्ण पुसली जात नाही. त्यातला विश्वासार्ह भाग कुठल्याही बाजूला घेता येतो. आपल्याकडं 'एका बाबतीत खोटा तो सगळ्यात खोटा' हा नियमही चालत नाही. न्यायालय दाणे आणि भुसा वेगळे करतं.

वैद्यकीय पुराव्याशी ताळा घालायला विसरू नका. डॉक्टरांचं मत आणि डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष यांत फरक पडला, तर साधारणपणे साक्षीला प्राधान्य मिळतं. पण साक्षीदार सांगतो तसं घडणंच शक्य नाही, इतकं वैद्यकीय पुराव्यानं दाखवलं तर साक्ष कोसळते.

आता ॲलिबी

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'दुसरीकडे'. आरोपी घटनेच्या वेळी इतक्या लांब होता की तो तिथं असणं शक्यच नव्हतं, एवढंच या बचावाचं म्हणणं असतं. स्वसंरक्षण किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य यांसारखा हा न्याय संहितेतला अपवाद नाही. तो पुराव्याचा नियम आहे: साक्ष्य अधिनियमाचं कलम ९ (जुनं ११). मूळ घटनेशी विसंगत असलेली वस्तुस्थिती त्या कलमानं संबद्ध ठरते. आणि कलम १०६ च्या (जुनं १०३) उदाहरणातच म्हटलं आहे की मी दुसरीकडं होतो असं ज्याला न्यायालयाला पटवायचं असेल, त्यानं ते सिद्ध केलं पाहिजे.

हे ओझं किती जड? १९९७ च्या बिनय कुमार सिंग विरुद्ध बिहार राज्य निवाड्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही एकत्रच वाचायला हव्यात. आरोपीनं ॲलिबी अशी सिद्ध करावी की घटनास्थळी त्याच्या असण्याची शक्यताच उरू नये, ही एक. आणि त्यानं दिलेला पुरावा इतक्या दर्जाचा असेल की त्याच्या हजेरीबद्दल रास्त शंका निर्माण होते, तर त्या शंकेचा फायदा त्याला मिळालाच पाहिजे, ही दुसरी. सरकारी वकील पहिलीच वाचतो, बचावाचा वकील दुसरीच. याच निवाड्यात क्रमही सांगितला आहे: सरकार पक्षानं आरोपीची हजेरी समाधानकारकपणे दाखवली, की मगच ॲलिबीचं ओझं आरोपीवर येतं.

घड्याळ आणि अंतर

समजा, खून रात्री साडेनऊला झाला. आरोपी म्हणतो, मी चाळीस किलोमीटरवरच्या गावी बहिणीकडं होतो. शेजाऱ्यानं त्याला तिथं संध्याकाळी सव्वासातला पाहिलं आणि रात्री अकरा वाजता पुन्हा पाहिलं. मोटारसायकलनं चाळीस किलोमीटरला एक तास धरा. साडेआठला निघून साडेनऊला पोचणं आणि साडेदहाला परतणं सहज जमतं. ही ॲलिबी कागदावर भरगच्च दिसते, पण तिच्यात पावणेचार तासांचं भगदाड आहे. साडेआठ ते साडेदहा या दोन तासांतला निदान एखादा भक्कम क्षण भरता आला पाहिजे, आणि तोही खुनाच्या वेळेच्या जितका जवळ तितका चांगला.

म्हणून तक्ता मांडा. डाव्या रकान्यात घटनेआधीच्या तीन तासांपासून नंतरच्या तीन तासांपर्यंत दर पंधरा मिनिटं. उजवीकडं त्या वेळी आरोपी कुठं होता आणि त्याचा पुरावा काय. जिथं रकाना रिकामा राहतो, तिथं प्रवासाचा वेळ बसतो का ते मोजा. हाच तक्ता प्रत्यक्षदर्शी साक्षीदारासाठीही बनवा. दोघांनाही एकच फूटपट्टी लावायची. दूधनाथ पांडे विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९८१ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बचावाच्या साक्षीदारांना सरकार पक्षाच्या साक्षीदारांइतक्याच समान वागणुकीचा हक्क आहे. हे वाक्य बचावाच्या वकिलानं कोर्टात धीटपणे वाचून दाखवावं, कारण ॲलिबीचे साक्षीदार नातेवाईकच असणार, मग ते खोटे, असा ग्रह लवकर होतो. माणूस रात्री साडेनऊला नात्यातल्या माणसांबरोबरच असतो!

कुठला कागद काय सिद्ध करतो

फोनचा सीडीआर, म्हणजे कॉलच्या तपशिलांची नोंद, सिमकार्ड कुठल्या टॉवरच्या टप्प्यात होतं ते सांगतो. फोन आरोपीच्या हातात होता की घरी पलंगावर पडला होता, हे सांगत नाही. त्या वेळी झालेल्या संभाषणातला समोरचा माणूस साक्षीला आला, तर मात्र तो दुवा जुळतो. एका टॉवरचा टप्पा शहरात लहान, मोकळ्या मुलखात बराच मोठा असतो. फास्टॅगची नोंद गाडीची असते, चालकाची नव्हे. एसटीच्या तिकिटावर नाव नसतं. हजेरीपटावर सकाळची सही असते, पण सुटताना सही घेतात का ते विचारा. लॉजच्या नोंदवहीपेक्षा दवाखान्याचा केसपेपर मला जास्त भक्कम वाटतो. त्यात परिचारिकेनं वेळ टाकून लिहिलेल्या नोंदी असतात आणि लिहिणाऱ्याला खटल्याशी काही देणंघेणं नसतं.

सीसीटीव्ही असेल तर घाई करा. बहुतेक यंत्रांत जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवं चढतं, कधी दोन-तीन आठवड्यांतच. चित्रण जतन करण्यासाठी आणि मागवण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ (जुनं ९१) खाली लगेच अर्ज द्या. यंत्राचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढं-मागं आहे, हे जप्तीच्या वेळी लिहून घ्यायला लावा. सात मिनिटांचा फरक एखादी ॲलिबी मोडूही शकतो आणि उभीही करू शकतो. आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र विसरू नका. नव्या नमुन्यात त्याचे दोन भाग आहेत, त्यांतला एक तज्ज्ञानं भरायचा असतो, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये बदल झाला का हे ओळखायचा आकडा, येतं. हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे हे २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निवाड्यानं जुन्या ६५-ब कलमाबद्दल पक्कं केलं. प्रमाणपत्राअभावी चांगलं चित्रण बाजूला पडलेलं पाहणं फार त्रासदायक असतं.

पुराव्याचे तुकडे एकमेकांना कसे पुरे पडतात, याचं एक उदाहरण लॉस एंजेलिसचं आहे. २००३ साली तिथं एका तरुणावर खुनाचा आरोप झाला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानं त्याला पटवलं होतं. तो म्हणत होता, मी मुलीला घेऊन बेसबॉलचा सामना बघायला गेलो होतो. योगायोगानं त्याच संध्याकाळी स्टेडियममध्ये एका टीव्ही मालिकेचं चित्रीकरण चाललं होतं, आणि त्याच्या वकिलाला न वापरलेल्या फिल्ममध्ये तो दिसला. पण फिल्मची वेळ खुनाच्या बरीच आधीची होती, म्हणजे मध्ये भगदाड होतंच. ते बुजवलं खुनाच्या थोडं आधीच्या एका फोन कॉलनं. तो कॉल स्टेडियमजवळच्या टॉवरवरून गेला होता, आणि तिथून खुनाच्या जागी वेळेत पोचणं शक्य नव्हतं. २००४ मध्ये न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. तोवर त्या माणसानं महिनोन् महिने तुरुंगात काढले होते.

ॲलिबी कधी आणि कुठं मांडायची

शक्य तितक्या लवकर. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्यानं आगाऊ सूचना देण्याचं बंधन आणलं. आपल्याकडं तशी सूचना कायद्यानं सक्तीची नाही, पण उशिरा सुचलेली ॲलिबी न्यायाधीशाच्या गळी उतरत नाही. अटकेनंतर लगेच तपासी अंमलदाराला लेखी कळवा आणि पोच घ्या. त्यानं ती पडताळली नाही, तर उलटतपासात विचारायला तुमच्याकडं ठोस प्रश्न असतो. दोषारोप ठेवण्याच्या टप्प्यावर मात्र आरोपीचे कागद साधारणपणे पाहिले जात नाहीत. २००५ च्या देवेंद्रनाथ पाढी निवाड्यानं ती वाट जवळजवळ बंद केली.

प्रत्येक प्रत्यक्षदर्शीपुढं उलटतपासात प्रश्नाच्या रूपात हे म्हणणं स्पष्ट ठेवायलाच हवं की घटनेच्या वेळी आरोपी तिथं नव्हता, तो अमुक ठिकाणी होता. तो 'हे म्हणणे खरे नाही' असंच म्हणणार. तरी विचारायचं. नाहीतर हा बचाव मागाहून सुचलेला ठरतो.

मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ चा (जुनं ३१३) आरोपीचा जबाब. बहुतेक आरोपी प्रत्येक प्रश्नाला 'खोटे आहे' म्हणून मोकळे होतात. ॲलिबी असेल तर ही संधी अशी वाया घालवू नका. कुठं होतो, कुणाबरोबर, केव्हापासून केव्हापर्यंत, हे आरोपीनं स्वतःच्या शब्दांत सांगावं. लेखी निवेदनही देता येतं. त्यानंतर कलम २५६ खाली बचावाचे साक्षीदार. आरोपीला स्वतः साक्षीदार म्हणून उभं राहायचं असेल, तर कलम ३५३ प्रमाणे त्यानं तशी लेखी विनंती करावी लागते, आणि मग सरकारी वकिलाचा उलटतपास टळत नाही. तो तोलता येईल का, याचा विचार आरोपीबरोबर बसून करा.

ॲलिबी पडली तर

न्यायालयानं ॲलिबी नाकारली म्हणजे आरोपी दोषी ठरला, असं होत नाही. निरपराध माणूसही घाबरून खोटा साक्षीदार उभा करतो. १९८४ चा शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निवाडा परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात हेही सांगितलं आहे की खोटा बचाव सरकार पक्षाच्या पुराव्यातली पोकळी भरून काढू शकत नाही. पुराव्याची साखळी आधीच पूर्ण असेल, तर तो फार तर एक जादा दुवा ठरतो. सरकारी वकिलाच्या ज्युनिअरनंही हे लक्षात घ्यावं. आरोपीची ॲलिबी मोडण्यात सगळी शक्ती घालवली आणि आपला प्रत्यक्षदर्शी डळमळीत राहिला, तर शिक्षा टिकत नाही.

आणि आरोप नेमका कसला आहे ते नीट वाचा. आरोपी स्वतः घटनास्थळी हजर होता असं म्हणणं असेल तरच ॲलिबी कामाची. न्याय संहितेच्या कलम ६१ खाली कटाचा आरोप असेल, तर तो खुनाच्या वेळी पाचशे किलोमीटर लांब होता हे सिद्ध करूनही फारसं काही हाती लागत नाही. अशा खटल्यात लढाई बैठका, पैसा आणि फोन कॉल यांच्यावर होते.

युक्तिवादाच्या आदल्या रात्री दोन्ही तक्ते समोर घ्या आणि प्रत्येक नोंदीपुढं निशाणी क्रमांक किंवा साक्षीतला परिच्छेद क्रमांक लिहा. ज्या नोंदीपुढं काहीच लिहिता येत नाही, ती कितीही खरी वाटली तरी खोडा. आधी प्रत्यक्षदर्शीचा तक्ता न्यायाधीशांच्या हाती द्या, तो संपला की ॲलिबीचा.